बंदुकीची नोंद आणि नोंदवहीची कोरी बाजू : केंद्रीय गृह मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री आणि शस्त्र परवान्यांचे काम पाहणारे अधिकारी,
केंद्रीय गृह मंत्रालय, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

बंदुकीची सक्तीची नोंद बंद करा, असे मागायला हे पत्र लिहीत नाही. तसे म्हणणारे आमच्या चंबळ भागात चहाच्या टपरीटपरीवर भेटतील, आणि त्यांना माझ्या मदतीची गरज नाही. माझे म्हणणे एवढेच, की नोंद चुकली, अडली किंवा कचेरीत पडून राहिली तर त्याचा भुर्दंड आज फक्त बंदूकवाल्याला बसतो. मग चूक त्याची असो, बाबूची असो, की संगणकाची. हे बदला. नोंद जशी त्याला बांधते तशी कचेरीलाही बांधू द्या.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. फॉर्म भरायला हात चालतो, इंग्रजी नियम वाचून त्यातले आपल्याला काय लागू आहे ते सांगता येते, म्हणून गल्लीतल्या आणि नात्यातल्या बायका कागद घेऊन येतात. पेन्शनचे, समग्र आयडीचे, घर नावावर करण्याचे, आणि हे ग्वाल्हेर पडले म्हणून बंदुकीचेही. या पत्राची हिंदी प्रत आपल्याकडे टपालाने रवाना केली आहे. मराठीतून लिहिते आहे ते इथल्या मराठी घरांसाठी. माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, बऱ्याच घरांत आहे, तिचे कागद कुठे आहेत ते मात्र फार थोड्या घरांना सांगता येईल.

बाहेरच्या माणसाला वाटते, ग्वाल्हेर-भिंड-मुरैन्यात बंदूक म्हणजे मिशीचा पीळ. ते अगदीच खोटे नाही. वरातीत हवेत बार काढणारे शूरवीर मी डोळ्यांनी पाहिले आहेत, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अशा हर्ष फायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ठेवले याचा मला आनंदच झाला. पण सगळ्या बंदुका त्या वरातीतल्या नव्हेत. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये इथे पडला आणि त्या तळाचेच शहर झाले. त्या फौजेबरोबर आलेल्या घरांत शस्त्र आले, ते दसऱ्याला पाटावर मांडले जाते, त्याला हळदकुंकू लागते. पुढे बेहडांतल्या, म्हणजे चंबळच्या घळींतल्या, बागींचा (डाकूंचा) काळ आला. १४ एप्रिल १९७२ ला जौऱ्याला जयप्रकाश नारायणांच्या समोर हत्यारे ठेवली गेली, १९८२ मध्ये मलखानसिंगाने ठेवली, १२ फेब्रुवारी १९८३ ला भिंडमध्ये फूलनदेवीने. पण 'पकड' म्हणून माणूस उचलून नेण्याची धास्ती त्या तारखांना संपली नाही. त्या काळात गावाकडे शेती असलेल्या माणसाने परवाना मागितला तर कोणाला नवल वाटत नसे. आता भिंडकडचा पोरगा बाराबोरचा परवाना काढतो तो इंदूर, दिल्ली नाहीतर मुंबईत गार्ड म्हणून उभा राहण्यासाठी. बंदूकवाल्या गार्डला पगार जास्त. त्या परवान्याचा मिशीशी काही संबंध नाही, घरच्या हप्त्यांशी आहे.

सरकारनेही या परवान्याचा उपयोग कशाकशासाठी केला! २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला परवाना लवकर देण्याची योजना निघाली होती. २०१९ मध्ये खुद्द ग्वाल्हेरात परवाना हवा तर आधी दहा झाडे लावा आणि फोटो दाखवा असा फर्मान निघाला. झाडांबद्दल माझी तक्रार नाही. आमच्याकडचा उन्हाळा बघता दहाच्या जागी वीस लावली तरी कमीच. एवढेच म्हणते, की ज्या कागदाच्या बदल्यात माणसे इतके काही करायला तयार होतात, तो कागद पुढे कसा सांभाळला जातो याकडेही कोणीतरी बघावे.

नोंद का हवी, हे ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडलेले बेरेटा पिस्तूल दोनच दिवस आधी याच शहरातून मिळवलेले होते. त्याला परवाना नव्हता. आमच्या लहानपणी घरात हा विषय निघाला की मोठी माणसे दुसरेच काही बोलू लागत. ज्या शहराच्या नावावर असे एक पिस्तूल लागले आहे, तिथली बाई नोंदच नको म्हणणार नाही.

आणि परवाना हा हक्क नव्हे, सवलत आहे, हेही मान्य. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला होता, पुढे राज्यघटनेत तो आला नाही. त्याबद्दल मी रडत बसलेली नाही. फक्त सवलत घेतली म्हणून माणूस कायमचा संशयित ठरतो का, एवढे मला विचारायचे आहे. गुन्ह्यात सापडतो तो बहुतेक वेळा देशी कट्टा. बिनपरवान्याच्या हत्यारांचा हा सुळसुळाट बघून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपणहून दखल घेतली. कट्ट्याला परवाना नाही, नूतनीकरण नाही, पत्ता नाही. नोंदवहीत जो आहे तो आधीच स्वतःच्या पायाने चालत येऊन नाव लिहून गेलेला माणूस आहे. यंत्रणेची सगळी ताकद त्याच्यावरच चालते, कारण तो सापडतो.

आता मुद्द्याचे. प्रत्येक परवाना राष्ट्रीय माहितीसाठ्यात चढवायचा आणि त्याला यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, द्यायचा, असे ठरले. आमच्याकडे त्याला 'यूनिक नंबर' म्हणतात. ज्याला हा नंबर नाही तो परवाना ठरलेल्या तारखेनंतर बाद. ती तारीख किती वेळा पुढे ढकलावी लागली हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ढकलावी लागली, कारण काम उरकत नव्हते. काम कोणाचे? कागद द्यायचे परवानाधारकाने, संगणकात चढवायचे कचेरीने. त्याने वेळेत कागद दिले, कचेरीत गठ्ठ्यात पडून राहिले, तारीख उलटली, तर बाद कोणाचे काय होते? परवाना. कचेरीचे काहीच बाद होत नाही. गणिताच्या बाईला हे समीकरण काही केल्या सुटत नाही.

आमच्याच घरातले सांगते. मामंजींची दुनाली इंग्लिश बनावटीची. पुढचे लाकूड काढून नळ्या उतरवल्या की त्यांच्या पोटाशी, जिथे एरवी कोणाची नजर जात नाही, तिथे बारीक ठशांची दाटी आहे. मुकुटासारखे प्रूफचे (नळीची चाचणी झाल्याचे) ठसे, बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, १२, आणखी काही अक्षरे, आणि त्या सगळ्यात बंदुकीचा खरा नंबर. परवान्याच्या जुन्या पुस्तकात तो कोण्या कारकुनाने टाकाने लिहिलेला. शाई पसरलेली, तीन म्हणावा तर आठ दिसतो. संगणकात चढताना त्याचा आठच झाला. वर शेवटी बोअरचा १२ पण नंबरालाच चिकटला. आम्ही दुरुस्तीचा अर्ज केला. खिडकीतल्या मुलाने पुस्तक बघितले, पडदा बघितला आणि म्हणाला, "माताजी, सिस्टम में जो है वही सही माना जाएगा." मग बंदुकीवर आहे ते काय खोटे? तर म्हणे, बंदूक घेऊन या, सत्यापन होईल.

इथे जरा थांबून विचार करा. नूतनीकरणाचा नवा कागद संगणकातून निघणार, म्हणजे त्यावर चुकीचा नंबर येणार. तो कागद खिशात आणि खरा नंबर असलेली बंदूक खांद्याला, असा माणूस घरातून निघाला आणि वाटेत नाक्यावर तपासणी झाली, तर पोलिसाच्या दृष्टीने ती परवान्यातली बंदूकच नव्हे. घरी ठेवली तरी तेच. दुरुस्त करायला न्यावी तरी तेच. शस्त्र कायद्याचे कलम ८ तर असे सांगते, की बंदुकीवरचा नंबर खोडलेला किंवा बदललेला सापडला तर तो जवळ बाळगणाऱ्यानेच बदलला असे धरायचे, उलटे सिद्ध करायचे ते त्याने. बेकायदा नंबर खरडणाऱ्यासाठी हे कलम योग्य आहे. पण ज्या नंबरवर साठ-सत्तर पावसाळ्यांचा गंज चढला आहे, तो कोणी 'खोडला'? धाकट्या भावजींनी शेवटी ठाण्यात लेखी कळवून, त्या पत्रावर पोच घेऊन, मगच बंदूक बाहेर काढली. सगळ्यांना एवढे सुचत नाही. सुचले तरी सगळ्यांना पोच मिळत नाही.

याहून गमतीची गोष्ट ठासणीच्या बंदुकीची. गजाने दारू ठासायची ती. कित्येक घरांत ती फक्त भिंतीवर आहे, घोडा जाम झालेला, नळीत कोळ्याचे जाळे. नंबर नाहीच, कारण करणाऱ्या लोहाराने तो घातलाच नव्हता. फॉर्ममध्ये मात्र नंबराचा रकाना रिकामा सोडता येत नाही. एका काकांच्या बंदुकीला असाच कुठला तरी आकडा मिळाला, तो आजतागायत बंदुकीवर कुठेही नाही. वास्तविक आपल्याच मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचना काढली, की क्युरिओ, म्हणजे जपून ठेवण्याजोगी जुनी वस्तू, या सदरात मोडणारे जुने छोटे शस्त्र बाळगायला परवाना लागत नाही, ते वापरायचे, बरोबर बाळगायचे किंवा हलवायचे असेल तर लागतो. मूळ कायद्याच्या कलम ४५ मध्येही दुरुस्त करूनसुद्धा न चालणाऱ्या पुराण्या हत्यारांना सूट आहे. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण माझ्या भिंतीवरची ठासणी क्युरिओ आहे की नाही हे ठरवून कागद देणारा माणूस कोण, हे खिडकीवर कोणालाच सांगता येत नाही. मग घरातला कर्ता पुरुष म्हणतो, कशाला झंझट, आहे तसा परवाना चालू ठेवा. किंवा, अधिक वेळा, कोणालाच काही सांगू नका. म्हणजे ज्या सुटीने लोक मोकळेपणी पुढे यायचे, तिच्या अंधुकपणामुळेच ते लपतात.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ तीनऐवजी दोनच बंदुका राहतील असे ठरले. मूळ विधेयकात तर एकच होती, संसदेत दोनवर आली. तिसरी वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची होती. ते वर्ष नेमके टाळेबंदीचे निघाले. त्यात कोणाचा दोष नाही. पण भरपाईचा शब्द त्या दुरुस्तीत नाही, आणि सगळ्यांना एकाच वर्षात तिसरी बंदूक काढून टाकायची आहे हे ठाऊक असलेला दुकानदार काय भाव देणार ते बाजारात बसलेल्या कोणालाही विचारा. खेळाडूंचे मात्र ऐकले गेले. नामवंत नेमबाजांना जास्त शस्त्रे ठेवता येतील अशी सोय लगेच पुढच्या दोन महिन्यांत झाली, आणि व्हायलाच हवी होती. त्यांची संघटना आहे, पदके आहेत, दिल्लीत बोलणारे आहेत. ज्यांच्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे त्यांच्यापैकी कोणी दिल्लीला जात नाही.

त्या म्हणजे विधवा. बंदुकीचे सर्वात जास्त कागद माझ्याकडे त्यांचेच येतात.

परवाना माणसाच्या नावाचा असतो, माणसाबरोबर संपतो. बंदूक घरातच राहते. कायदा म्हणतो, बाळगणे बेकायदा झाले की विनाकारण उशीर न लावता ती ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करा. न केली तर बिनपरवाना बाळगल्याची शिक्षा २०१९ पासून कमीत कमी दोन वर्षे, पाचपर्यंत. आता ज्या बाईचा नवरा गेला तिच्या घरातले ते दिवस आठवा. तेराव्यापर्यंत पाहुणे, मग बँक, मग पेन्शन, मग मुलांच्या सुट्ट्या संपल्या म्हणून ती पुण्याला नाहीतर बडोद्याला परत. कपाटावरची बंदूक तिच्या लक्षातच येत नाही, कारण ती तिने कधी हातातही घेतलेली नसते. 'विनाकारण उशीर' म्हणजे किती दिवस, हे कुठेच लिहिलेले नाही. ते ठरवतो तो तिच्यासमोर बसलेला माणूस.

शेजारच्या काकूंचे यजमान कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्या वेळी कचेऱ्यांची काय अवस्था होती ते सांगायला नको. काही महिन्यांनी मुलगा आला तेव्हा कपाट आवरताना दुनाली आणि काडतुसांचा डबा निघाला. मुलाला बंदूक नको, तो परगावी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला नूतनीकरण म्हटले तरी घाम फुटतो. सुनेला तर ती घरात नकोच. काकूंचेही तेच. "एकदाची ती बला जाऊ दे गं," एवढेच त्या म्हणत होत्या. म्हणून दोघी दुकानदाराकडे गेलो. त्याने पुस्तक उघडले, यूनिक नंबर आहे का बघितले. नव्हता. यजमानांनी कागद दिल्याची पावती होती, नंबर आलाच नव्हता. दुकानदार भला माणूस, पण म्हणाला, नंबरशिवाय माझ्या रजिस्टरला लावता येत नाही, मी अडकेन. मग एका ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न : "इतने दिन घर में कैसे रखी?" काकूंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कोणाला मोठ्याने हाक मारली नाही, तिला हा प्रश्न.

बंदूक शेवटी मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या कोठारात, जमा झाली. पावतीवर लिहिले : 'एक नग १२ बोर बंदूक, पुरानी इस्तेमाली'. नळी कशी आहे, दस्त्यावर तडा आहे का, घोडे चालतात का, कातडी खोळ बरोबर आहे का, काही नाही. फोटो नाही. कायद्याप्रमाणे जमा केलेली वस्तू ठरलेल्या मुदतीत परत नेली नाही किंवा विकली नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सरकारजमा होते. त्याआधी नोटीस द्यावी लागते, हा कायद्याचा मोठेपणा. पण विकायची तर यूनिक नंबर हवा, आणि तो आता मिळणार नाही, कारण परवानाधारकच हयात नाही. म्हणजे बंदूक घरी ठेवावी तर गुन्हा, विकावी तर नंबर नाही, जमा केली तर काही काळाने गेली. काकूंना बंदूक नकोच होती. त्यांना ती नीट हातावेगळी करायची होती, आणि नियमांत राहून तीच गोष्ट करता येईना.

यावर आपले अधिकारी म्हणतील, वारसांसाठी नियम आहे. आहे, मी वाचला आहे. २०१६ च्या नियमांतला २५ वा. परवानाधारक गेल्यावर वारसाला परवाना मिळू शकतो. इतकेच नव्हे, परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, की तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. इतका शहाणा नियम, आणि मी ज्या ज्या घरात विचारले त्यातल्या कोणालाच माहीत नाही. नूतनीकरणाला आलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला खिडकीतून कोणी सांगत नाही, की आजोबा, आता मुलाच्या नावाचे बघा. बँकेत साधे खाते काढले तरी नॉमिनीचे नाव लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. परवान्याच्या फॉर्ममध्ये तसा एक रकाना घालायला काय हरकत आहे? आणि ज्याला वारस नको, त्याला 'माझ्यामागे ही अमुक दुकानदाराकडे विकावी' असे आधीच लिहून ठेवता येऊ द्या.

जन्म-मृत्यूच्या नोंदीही आता राष्ट्रीय माहितीसाठ्यात जातात, १ ऑक्टोबर २०२३ पासून तसा कायदाच आहे. मृत्यूची नोंद झाली, की परवान्याच्या नोंदीला ते कळायला हवे आणि घरच्यांच्या फोनवर साध्या भाषेत निरोप यायला हवा : अमुक दिवसांत बंदूक जमा करा, तोवर ती घरात असणे गुन्हा नाही. सहा महिने द्या. ज्याने त्या मुदतीत लेखी कळवले त्याला संरक्षण द्या. सरकारला माणूस गेल्याचे कळते, त्याच्याकडे बंदूक होती हेही ठाऊक असते, पण या दोन नोंदी एकमेकींशी बोलत नाहीत. मधल्या मध्ये बाई गुन्हेगार ठरते.

निवडणुकांचे थोडक्यात लिहिते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. आचारसंहिता लागली की बंदुका जमा. २०२३ च्या नोव्हेंबरात विधानसभा झाली, लगेच २०२४ च्या मे महिन्यात लोकसभा. निवडणूक आयोगाचे म्हणणे असे, की छाननी समितीने बघावे, ज्याच्यावर गुन्हे आहेत, जो जामिनावर आहे, जो पूर्वी दंग्यात होता त्याची जमा करावी. मुंबई आणि अलाहाबाद उच्च न्यायालयांनीही सरसकट जमा करून घेण्याला आक्षेप घेतला आहे. प्रत्यक्षात मात्र नव्वदीचे आजोबाही रिक्षातून दुनाली घेऊन ठाण्याच्या रांगेत दिसतात. गार्डची नोकरी करणाऱ्याला सूट मिळू शकते, पण तिच्यासाठी मालकाचे पत्र, अर्ज, चकरा, आणि तोवर ड्युटी दुसऱ्याला. परत मिळते तेव्हा नळीत बोटभर गंज. तेल लावून, कापडात गुंडाळून दिलेली बंदूक इतर पन्नास बंदुकांबरोबर ओलसर खोलीच्या भिंतीला टेकून उभी असते, दस्त्याला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. पावतीवर स्थिती लिहिलेली नसल्यामुळे तक्रार कशाच्या जोरावर करायची? दोन्ही बाजूंची सही असलेली, फोटोसहित पावती हवी. आजकाल ठाण्यातल्या प्रत्येक शिपायाच्या खिशात कॅमेरा आहे.

आणखी एक, ज्याबद्दल आमच्याकडे बायका बोलतात, पुरुष बोलत नाहीत. कोणाच्या घरी बंदूक आहे याची यादी. पूर्वी ती एका रजिस्टरात होती, रजिस्टर कपाटात होते, कपाटाला कुलूप होते. आता ती जिथे संगणक तिथे आहे. बागींच्या काळात टोळ्या गावातल्या परवान्याच्या बंदुका हेरून लुटत, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या एका वृत्तपत्राने दोन काउंटींतल्या पिस्तूल परवानाधारकांची नावे-पत्ते सरकारी नोंदींतून मिळवून नकाशावर छापले. गदारोळ झाला आणि महिन्याभरात तो नकाशा काढावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. त्यामुळे आमची नोंद कोणी, कधी, कशासाठी उघडून बघितली, याचीही नोंद ठेवा, आणि आम्ही मागितली तर ती दाखवा. ठाण्यावरून फिरणारी यादी मोबाइलवरून मोबाइलवर जाते हे मी बघितले आहे. त्या यादीत एकट्या राहणाऱ्या बायकांचे पत्ते असतात.

बाकी मागण्या वरच येऊन गेल्या आहेत, परत मोजून दाखवत नाही. तीन राहिल्या. कागद मिळाल्याची तारीख हीच नोंदीची तारीख धरा. परवानाधारकाने मुदतीत अर्ज दिला आणि त्याच्याकडे पोच आहे, तर कचेरीने चढवेपर्यंत त्याचा परवाना चालू आहे असे नियमांत स्पष्ट लिहा. ज्यांनी हयातीत कागद दिले आणि नंबर येण्याआधीच जे गेले, त्यांच्या वारसांना विक्रीपुरता तात्पुरता नंबर द्या. नंबराची दुरुस्ती परवानाधारक दुकानदाराच्या दाखल्यावर होऊ द्या, त्याला नळ्या उतरवता येतात आणि ठसे वाचता येतात. यात सरकारचा खर्च फारसा नाही. नियमांत ओळी घालाव्या लागतील, आणि खिडकीवरच्या मुलांना त्या वाचून दाखवाव्या लागतील.

काकूंची दुनाली अजून मालखान्यातच आहे. सरकारजमा करण्याची नोटीस आली तर तिच्या उत्तराचा मसुदा मी करून ठेवला आहे. वरचेच मुद्दे आहेत, फक्त कलमांसह आणि हिंदीतून. कागद दिल्याची यजमानांची ती जुनी पावती त्याला जोडणार आहे. तोवर मंत्रालयातून काही खुलासा आला तर मसुदा बदलायची माझी तयारी आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर